एका दाराचा उजेड
(तेलरंग आणि ॲक्रिलिकमधल्या वस्तुचित्राच्या सराव-पुस्तिकेची प्रस्तावना)

महाराष्ट्रातल्या मुलांची स्थिरचित्राशी पहिली गाठ बहुतेक वेळा परीक्षेच्या हॉलमध्ये पडते. टेबलावर किटली किंवा बादली, शेजारी मग, पुढ्यात दोन प्लास्टिकची फळं आणि मागे खिळ्याला अडकवून चुण्या पाडलेलं कापड. कला संचालनालयाच्या एलिमेंटरीला वस्तुचित्र आणि इंटरमिजिएटला स्थिरचित्र ज्यांनी काढलंय, त्यांना ही मांडणी लगेच ओळखू येईल. वेळ ठरलेला, रंग पाण्याचे, आणि वर्षभर गिरवून घेतलेला एक तोडगा: डावीकडून उजेड, उजवीकडे सावली, फुगीर भागावर पांढरा ठिपका, खाली तिरकी पडछाया. मुलं इतकी तयार झालेली असतात की खिडकी उजव्या हाताला असली तरी त्यांच्या कागदावर उजेड डावीकडूनच येतो. ग्रेड मिळते, दहावीला गुण वाढतात, आणि त्या टेबलावर खरंच काय ठेवलं होतं ते कुणी पाहिलेलंच नसतं.

परीक्षांना नावं ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. खेड्यापाड्यांतल्या शाळांत ड्रॉइंगचा तास टिकून राहिला तो या परीक्षांमुळेच. पण वस्तुचित्र म्हणजे पाठ केलेली सावली, हा समज तिथूनच घट्ट होतो आणि पुढे कला महाविद्यालयात तेलरंग हातात आले तरी सुटत नाही. ही पुस्तिका ज्या मुलामुलींसाठी आणि शिक्षकांसाठी आहे, ते जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यातले, पोशेऱ्याच्या आसपासच्या पाड्यांवरचे आहेत. त्यांच्यापुढे अडचण थोडी वेगळी आहे, आणि त्यांच्या हाताशी जे आहे तेही वेगळं आहे.

अडचण आधी सांगतो. या भागातल्या मुलाला चित्र काढता येतं म्हटलं की बाहेरचा माणूस पटकन विचारतो, ‘वारली का?’ इथे वारली आहेत, तसे कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरीही आहेत. सगळ्यांच्या घरी वारलींसारखा भिंतीवर लग्नाचा चौक लिहीत नाहीत. पण वारली चित्रकलेचं नाव एवढं मोठं झालंय की डोंगरातल्या प्रत्येक मुलानं त्रिकोणाला त्रिकोण जोडून माणूस काढावा, अशी अपेक्षाच असते. हे नाव मोठं झालं त्यामागे खरं काम आहे. 1970 च्या दशकात भास्कर कुलकर्णी या चित्रकारानं डहाणूच्या बाजूला ही चित्रं पाहिली आणि मुंबई-दिल्लीपर्यंत पोहोचवली. गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे त्यातून पुढे आले. सवासिनी लग्नापुरतं भिंतीवर लिहायच्या, ते म्हसे रोज, कागदावर आणि कापडावर काढू लागले. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 साली ते गेले. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्याच वर्षी पालघर जिल्हाही झाला. आज पर्यटकांसाठी कापडावर काढलेल्या वारली चित्रांत तांदळाच्या पिठाऐवजी बहुधा पांढरं ॲक्रिलिक असतं. म्हणजे ॲक्रिलिकची बाटली इथे नवी नाही. तिचा उपयोग फक्त एकाच रंगापुरता राहिलाय.

वारली चित्रात वस्तू असतात, आणि भरपूर असतात: उखळ, कणगी, सूप, माडी काढायचं मडकं, तारपा. पण प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी हातात असते, कुठल्या तरी कामात असते. रिकामं बसलेलं मडकं तिथे दिसत नाही. उजेड कुठून येतो हा प्रश्नच नाही, त्यामुळे सावली नाही. वस्तू काय करते ते त्या चित्रात दिसतं. स्थिरचित्रात वस्तू काहीच करत नाही, जे काही करतो तो उजेड करतो. यातलं एक पुढचं आणि एक मागचं असं मी मानत नाही. ‘वारली झालं, आता जरा खरं चित्र शिका’ असं म्हणणारा शिक्षक दिसला तर ही पुस्तिका त्याच्या हाती देऊ नये. दोन्ही वेगळ्या तऱ्हेच्या पाहण्या आहेत, आणि दुसरी शिकल्यानं पहिली बिघडत नाही.

उलट वारली भिंतीतून थेट इकडे येणारी एक वाट आहे, आणि पुस्तिकेचा पहिला धडा तिच्यावरच बेतलाय. कुडाची भिंत शेणामातीनं सारवायची, गेरूनं लाल करायची आणि त्यावर पांढऱ्यानं लिहायचं. म्हणजे चित्र पांढऱ्या कोऱ्यावर सुरू होत नाही, मध्यम गडद तांबूस पृष्ठभागावर सुरू होतं आणि हातातला रंग फक्त उजेडाचं काम करतो. सतराव्या शतकातले युरोपी तेलरंगवाले हेच करत होते. कॅनव्हासवर आधी तपकिरी किंवा विटकरी अस्तर, ते कित्येक ठिकाणी सावली म्हणून तसंच सोडायचं, आणि उजेडाच्या जागी जाड, फिकट रंग चढवत जायचं. शहरातल्या विद्यार्थ्याला पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासची भीती घालवायला महिने लागतात, कारण पांढऱ्यावर ठेवलेला पहिला कुठलाही रंग काळपट वाटतो आणि मग सगळं चित्र पिठूळ होत जातं. गेरूच्या भिंतीसमोर वाढलेल्या मुलीला हे सांगावं लागत नाही. गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड. ट्यूबमध्ये बर्न्ट सिएना म्हणून मिळतो तोही मुळात लोहाच्याच मातीचा, भाजून लाल केलेला रंग. म्हणून पहिल्या सरावाला बोर्डावर पातळ बर्न्ट सिएना पसरा, वाळू द्या, आणि फक्त पांढरा घेऊन एक मडकं काढा. सावलीला हातच लावू नका, ती आधीच तिथे आहे.

दुसरी हाताशी असलेली गोष्ट म्हणजे घर. जुन्या पद्धतीच्या कुडाच्या घराला खिडक्या नसल्यातच जमा असतात. उजेड येतो तो एका दारातून. सरकारी योजनेतल्या घरकुलांना खिडक्या आल्या, पत्रे आले, तरी मागची खोली अजून अंधारीच असते. घर म्हणून ही गैरसोय आहे यात वाद नाही. चित्रकाराला मात्र हाच उजेड हवा असतो: एका बाजूनं येणारा आणि आत जाता जाता विरत जाणारा. मुंबईतले चित्रकार स्टुडिओत तीन खिडक्यांना काळं कापड लावून चौथी उघडी ठेवतात ती याचसाठी. चार बाजूंनी ट्यूबलाइट असलेल्या वर्गात मडक्याला गोलाई दिसत नाही. मग ती पाठ केलेल्या तोडग्यानं आणावी लागते, आणि परीक्षेची सगळी रड इथूनच सुरू होते.

दार उत्तरेला असेल तर नशीब, दिवसभर उजेड फारसा हलत नाही. पूर्वेचं दार असेल तर सकाळचं ऊन जमिनीवरून सरकत जातं आणि अर्ध्या तासात पडछाया दुसरीकडे गेलेली असते. अशा घरी ऊन उंबऱ्याबाहेर गेल्यावर बसावं. वस्तू दारापासून चार-पाच हात आत, पाटावर किंवा उलट्या घमेल्यावर ठेवावी. पाठ दाराकडे करू नये, तोंडही करू नये. दार खांद्याच्या बाजूला यावं.

आता चुलीवर चढून काळं झालेलं एक मडकं असं मांडून पाहू. कुणीही म्हणेल, काळं आहे, काळा रंग घ्या. पण दाराकडची त्याची फुगीर बाजू काळी नाही, निळसर राखी आहे. दारातून येतो तो उन्हाचा उजेड नाही, आभाळाचा आहे, आणि आभाळाची निळाई काजळीवरसुद्धा चढते. तिथून बाजूला सरकत गेलं की रंग गडद होत जातो, एका पट्ट्यात सगळ्यात गडद होतो, आणि मग, पाठ केलेल्या तोडग्यात हे कुठेच नसतं, कडेशी पुन्हा किंचित उजळतो. हा उजळपणा तपकिरी आहे, कारण तो शेणानं सारवलेल्या जमिनीवरून उलटून आलेला आहे. काठावर चकाकीची रेघ आहे, पण सलग नाही. काठ झिजलाय तिथे ती तुटते. सगळ्यात काळी जागा मडक्यावर नाहीच. मडकं जिथे जमिनीला टेकतं, त्या बारीक फटीत ती आहे. एवढं दिसलं की काळ्या ट्यूबची गरज उरत नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळले की पुरेसं काळं मिळतं. निळा जास्त घातला की ते थंड, सिएना जास्त घातला की ऊबदार, आणि या मडक्याला दोन्ही लागतात.

याच कारणासाठी मोबाइलवर फोटो काढून त्यावरून रंगवू नये, असं या पुस्तिकेत पुन्हा पुन्हा येईल. मोबाइल स्वतःच सावल्या उजळतो, चकाकी दाबतो आणि वर रंग गडद करून देतो. जमिनीवरून उलटलेला तो तपकिरी उजेड त्यात सापडत नाही. आमच्या शिक्षक मित्रांना हा नियम कडक वाटतो. वाटू दे.

काय मांडायचं, यावर थोडं. वस्तुचित्राच्या इतिहासात खाण्याच्या वस्तू फार. सतराव्या शतकातल्या डच चित्रांतली टेबलं लिंबं, शिंपले, मांस आणि चांदीच्या भांड्यांनी वाकलेली असतात. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं कुपोषणानं दगावली, त्या बातमीनं हा भाग महाराष्ट्राला माहीत झाला. तिथे फळांची रास मांडून ‘रंगवा, खाऊ नका’ म्हणणं मला जमणार नाही. सोपा उपाय असा की जे मांडायचं ते घरातलं, एकट-दुकट, आणि रंगवून झालं की त्याचं कालवण. शार्दँ हा अठराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार पाण्याचा पेला, कॉफीची किटली आणि लसणाचे गड्डे एवढ्यावर चित्र उभं करायचा. इटलीतल्या बोलोन्यात जॉर्जो मोरांडी जन्मभर त्याच बाटल्या आणि डबे मांडत राहिला, 1964 साली मरेपर्यंत. वैभव लागत नाही. पावसाळ्यात कंटोळी, काकडी. दसऱ्याच्या सुमाराला नागलीची कणसं, खुरासणीची पिवळी फुलं. उन्हाळ्यात मोहाची फुलं, करवंदं. जव्हार-मोखाड्यात मोगऱ्याची लागवड बरीच आहे, तेव्हा पांढऱ्या फडक्यावर मूठभर कळ्या ठेवून बघा. पांढऱ्यावर पांढरं हा या पुस्तिकेतला सगळ्यात अवघड सराव आहे आणि तो शेवटी ठेवलाय.

फुंकून वाजवायचा तारपा मोठा मोहात पाडतो. वाळलेल्या भोपळ्याची गुळगुळीत फुगीर पाठ, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, सांध्याला मेण: एकाच वस्तूत चार तऱ्हेचे पोत. तसेच बोहाड्याच्या उत्सवातले मुखवटे. पण ही सोंगं देवाची आहेत, उत्सवाबाहेर ती कुठे आणि कशी ठेवायची याचे गावाचे रिवाज असतात. घरातल्या थोरांना विचारल्याशिवाय तारपा किंवा मुखवटा टेबलावर मांडू नये. ‘नाही’ म्हणाले तर विषय संपला.

मराठी मुलखात या प्रकाराकडे थोडं कमीपणानंच पाहिलं गेलं. मुंबईत 1857 साली सुरू झालेल्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या परंपरेत मान होता तो व्यक्तिचित्राला, प्रसंगचित्राला, निसर्गचित्राला. स्थिरचित्र म्हणजे हात बसवायचं काम. हा समज ज्यांनी मोडला त्यांत कृष्णाजी हौलाजी आरा यांचं नाव आधी घ्यायला हवं. 1914 साली सिकंदराबादजवळ बोलारमला जन्म, लहानपणीच मुंबईला आले, घरकाम केलं, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. रुडी फॉन लायडन या कलासमीक्षकाच्या नजरेस त्यांची चित्रं पडली आणि पुढे 1947 च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांत सूझा, रझा, हुसेन यांच्याबरोबर ते होते. सूझा लंडनला आणि रझा पॅरिसला गेले, आरा मुंबईत राहिले आणि फुलदाण्या, फळं, भांडी रंगवत राहिले. पाण्याच्या रंगांतही त्यांचा हात तेलरंगासारखा जाड चालायचा. टीकाकार त्यांना त्या मित्रांच्या मानानं हलकं तोलतात. मला तसं वाटत नाही. परडीतली फळं इतक्या बेदरकारपणे टेबलाच्या बाहेर झुकू देणारा दुसरा चित्रकार त्या गटात नव्हता.

दुसरं नाव प्रभाकर बरवे यांचं. अलिबागजवळच्या नागावचे बरवे (1936-1995) वस्तू काढत, पण टेबलावर नाही. पान, घड्याळ, पेअरचं फळ मोकळ्या अवकाशात सुटं ठेवत आणि तेही एनॅमल पेंटनं, दारं-खिडक्यांना लावतात त्या जातीच्या रंगानं. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचं पुस्तक 1990 साली आलं. वस्तूकडे पाहण्याबद्दल मराठीत इतकं खोल दुसरं कुणी लिहिलेलं नाही. ज्याला महागड्या ट्यूबा परवडत नाहीत त्यानं बरव्यांचा एनॅमल लक्षात ठेवावा.

तेलरंग घ्यावेत की ॲक्रिलिक, हा प्रश्न इथे आवडीपेक्षा ऋतूचा जास्त आहे. तेलरंगात रंगाची पूड जवसाच्या तेलात खललेली असते. हे तेल सुकत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, त्याला दिवस लागतात. तेवढ्या वेळात आज लावलेली कड उद्याही मऊ करता येते, आणि मडक्याची गोलाई हेच तर मागते. मोखाड्याच्या पावसात मात्र कापडाला बुरशी धरते, ताणलेला कॅनव्हास ढिला पडतो, चित्र ओलंच राहतं. ॲक्रिलिकमध्ये रंग प्लास्टिकच्या बारीक कणांच्या पाण्यातल्या मिश्रणात असतो. पाणी उडालं की कण एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा विरघळत नाहीत. एप्रिलच्या उन्हात पॅलेटवरच त्याची साल धरते. ताटलीत ओलं फडकं, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, एवढं केलं तर तासभर निभावतं. शिवाय ओला असताना तो दुधट दिसतो, वाळला की जरा गडद होतो. मोगऱ्याच्या कळ्यांना याचा फटका बसतो. ॲक्रिलिकवर तेलरंग चढवता येतो, तेलरंगावर ॲक्रिलिक कधीच नाही. तेलरंगातही खालचे थर टर्पेंटाइनचे पातळ आणि वरचे तेलाचे, नाहीतर भेगा पडतात.

तीन गोष्टींबाबत हयगय नको. टर्पेंटाइन पेट घेतं, तेव्हा चूल पेटलेल्या घरात बाटली उघडायची नाही. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेटू शकतात. पसरून बाहेर वाळवाव्या. आणि ॲक्रिलिकचं ब्रश धुतलेलं पाणी विहिरीच्या किंवा झऱ्याच्या आसपास ओतू नये. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण आहे, त्याचं पाणी मुंबईला जातं, आणि धरणाच्या तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. जिथे हंडाभर पाणी डोक्यावरून येतं तिथे ब्रश धुवायला किती वापरायचं हा चित्रकलेतलाच प्रश्न आहे. दोन डबे ठेवा, एक गढूळ, एक नितळ. गढूळ डबा रात्रभर स्थिर ठेवून वरचं पाणी पुन्हा वापरा.

सामानाची यादी आखूड आहे. टायटॅनियम पांढरा, पिवळा ऑकर, लेमन यलो, एक लाल, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन. दोन चपटे हॉग हेअर ब्रश, एक लहान गोल, एक नाइफ. कॅनव्हास नसला तर जाड पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी गेसोचं अस्तर लावा. कोऱ्या कापडावर तेलरंग लावला तर तेल कापडाला कुजवतं. हे रंग फार दुरून आणावे लागत नाहीत. 1931 साली दांडेकर बंधूंनी मुंबईत सुरू केलेल्या, आज कॅम्लिन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचा कारखाना पालघर जिल्ह्यातच, तारापूरला आहे.

धड्यांचा क्रम शाळेच्या वर्षाप्रमाणे लावलाय. जूनपासून कोळसा आणि खडू, पावसाळाभर फक्त काळं-पांढरं. ऑगस्टनंतर गेरूच्या अस्तरावर ॲक्रिलिक. तेलरंग दिवाळीच्या सुट्टीनंतर, हवा कोरडी झाली की. परीक्षा मधेच येईल. ती पाण्याच्या रंगांत द्यायची असेल, तर द्या. फक्त हॉलमध्ये बसल्यावर खिडकी कुठल्या हाताला आहे ते आधी पाहा.

आणि जमलं तर वर्षातून एकदा मुलांना मुंबईला न्या. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, समोर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, चार पावलांवर जहांगीर आर्ट गॅलरी. एका दिवसात होतं. पहिलं सोमवारी बंद असतं. पुस्तकातल्या छापील चित्रात तेलरंगाची जाडी दिसत नाही, म्हणून मुलांना चित्रासमोर उभं न करता बाजूला, फ्रेमच्या कडेशी उभं करा आणि रंगाचे उंचवटे बघू द्या. पहारेकरी हटकेल. मुलांनी हात मागे बांधले असतील तर तोही बघू देतो.